प्रथिनवाले सोनकांबळे

लग्नाच्या पंगतीत वाढप्याचा हात असा धरून ठेवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. बुंदीसाठी हात धरणारे पुष्कळ असतात. सोनकांबळे साहेब वरणासाठी धरायचे. वाढपी बादली घेऊन आला, पळी वरच्यावर बुडवून पानात ओतली आणि पुढं सरकणार, इतक्यात त्याच्या मनगटावर एक गुबगुबीत पंजा पडायचा.

"थांब बाळा. तळातून वाढ."

"साहेब, वरण एकच हाय."

"वरण एकच हाय, पण वर पाणी हाय अन् खाली प्रथिन हाय. पळी बुडव. अजून. बूड लागलं की आवाज येतो, तो मला ऐकू आला पाहिजे."

टण्ण असा आवाज आल्याशिवाय तो पंजा सुटत नसे. शेजारी बसलेला मी पानातल्या मिठाकडं बघत राहायचो. नवऱ्या मुलीचा बाप लांबून हात जोडून यायचा, त्याला वाटायचं, पाहुण्यांचं काही बिनसलं. साहेब त्यालाही समजावून सांगायचे की डाळ पातळ केलीत हरकत नाही, दुष्काळ आहे, पण ढवळायला एक माणूस ठेवा.

तेव्हा लातूर जिल्हा नुकताच झाला होता. उस्मानाबादेतून वेगळा निघून आम्हाला आमचा कलेक्टर मिळाला होता, पण त्याच्या माणसांना बसायला खुर्च्या मिळायच्या होत्या. कचेरी भाड्याच्या इमारतीत होती, आणि दारावरच्या पाटीचा रंग इतका ओला होता की टेकून उभा राहिलेला शिपाई 'जिल्हा' पाठीवर घेऊन घरी गेला. मी बिलोलीहून बदलून आलो होतो. लिंबाजी सोनकांबळे हदगावहून आले होते. आम्ही दोघं एकाच शाखेत, रोजगार हमीच्या कामावर. ते अव्वल कारकून, मी कारकून. टेबल दोघांत एक. त्या टेबलाच्या ज्या बाजूला साहेब बसत, त्या बाजूला टेबलाचा फारसा भाग उरत नसे.

माणूस अंगानं प्रचंड होता. जीपमध्ये ते पुढं बसले की ड्रायव्हर गिअर टाकण्याआधी "साहेब, जरा गुडघा" म्हणायचा. रंग सावळा, चेहरा गोल, हसू लहान मुलाचं. वरच्या खिशात पेन आणि खालच्या दोन्ही खिशांत फुटाणे.

या प्रथिनाच्या नादाला सुरुवात कशी झाली, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. गुडघे दुखतात म्हणून साहेब डॉक्टरकडं गेले, डॉक्टरांनी रक्तदाब बघितला आणि वजन घटवायला सांगितलं. साहेब शिस्तीचा माणूस. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी जेवण बंद केलं. सकाळी काकडी, दुपारी ताक, संध्याकाळी पुन्हा काकडी. पहिले काही दिवस मजेत गेले. मग ते चिडचिड करायला लागले. मग हात थरथरायला लागले. आणि एके दिवशी टँकरच्या मीटिंगमध्ये, तहसीलदार कुठल्या गावची विहीर आटली ते सांगत असताना, साहेब खुर्चीसकट हळूच एका बाजूला कलंडले. त्यांना उचलायला मीटिंगमधले झाडून सगळे लागले.

डॉक्टर भयंकर संतापले. म्हणाले, "उपाशी राहायला कुणी सांगितलं होतं? नुसतं उपाशी राहून चरबीच्या जोडीनं अंगातलं मांस झडतं. ताकद जाते, आणि भूक दुप्पट होऊन परत येते. प्रत्येक जेवणात डाळ, उसळ, अंडं, दही असं काहीतरी हवं. प्रथिन पोटात असलं की पोट भरल्यासारखं राहतं, हात आपोआप आवरतो. आधी प्रथिन, मग बाकीचं."

झालं. 'आधी प्रथिन, मग बाकीचं' हे वाक्य साहेबांनी दवाखान्यातून उचललं आणि सगळ्या जिल्ह्यात वाटलं. डॉक्टरांनी शास्त्र सांगितलं होतं, साहेबांनी ते एस.टी.च्या भाषेत आणलं. "हे बघा, भात म्हंजे जवळचा पॅशिंजर. चढला, पुढच्या फाट्यावर उतरला. गाडी रिकामी. मंग पुन्हा भूक. डाळ म्हंजे लांब पल्ल्याचा. एकदा बसला की उदगीरपर्यंत उतरायचं नाव घेत न्हाई."

हळूहळू हा हिशेब जेवणाच्या बाहेर गेला. जगातल्या सगळ्या वस्तूंचे त्यांनी दोन भाग केले, प्रथिन आणि भात. एखाद्या पुढाऱ्याचं लांबलचक भाषण ऐकून आलो की विचारायचे, "काय वाटलं? मला तर निव्वळ भात वाटला. जरा कुठं डाळीचा कण लागंल म्हून ऐकून राह्यलो होतो." अर्ज आला की वरचं नमस्काराचं आणि विनंतीचं सगळं सोडून बोट खाली न्यायचे. "प्रथिन कुठाय? हां, हे बघा, पगार मिळाला न्हाई म्हणतो. एवढंच प्रथिन." पण मग तो अर्ज त्याच दिवशी निघायचा, हेही सांगितलं पाहिजे.

आमच्या शाखेत स्वामी अप्पा म्हणून कारकून होते. शुद्ध शाकाहारी, कपाळावर भस्म. साहेब डब्यातून उकडलेली अंडी काढायला लागले तेव्हा अप्पांनी नाकाला रुमाल लावला. शब्दानं शब्द वाढला नाही, कारण दोघंही भिडस्त. तह असा झाला की दही आणि मोड आलेली मटकी टेबलावर, अंडी बाहेर पायरीवर. रोज दुपारी साहेब पायरीवर जाऊन बसत, एक कावळा कठड्यावर येऊन बसे. साहेब अंडं सोलत सोलत कावळ्याला समजावत. "पिवळं तुला देतो. डॉक्टरनं मला पांढरं जास्त खा म्हणलंय." अप्पा खिडकीतून हे बघायचे. काही दिवसांनी अप्पाच विचारायला लागले, "कावळा आला का हो?"

आमच्या घरीही त्यांनी धुमाकूळ घातला. त्यांचं घर आमच्याच गल्लीत, चार दारं पलीकडं. बायको हदगावला शिक्षिका, मुलं तिच्याकडं. इथं साहेब आणि त्यांची म्हातारी आई, दोघंच; सैपाकाला तेवढी एक बाई यायची. एका चतुर्थीला ते आले तेव्हा माझ्या बायकोनं कौतुकानं साबुदाण्याची खिचडी पुढं केली. साहेबांनी बशी नाकाजवळ नेली, मग डोळ्यांजवळ नेली, मग खाली ठेवली.

"वैनी, रागावू नका. साबुदाणा म्हंजे पिठाचे मणी. ह्यात प्रथिन कुठाय?"

"उपास आहे, भावजी."

"उपासाला शेंगदाणा चालतो ना? मंग शेंगदाण्याची खिचडी करा अन् वरून थोडा साबुदाणा टाका."

ते गेल्यावर बायको बराच वेळ भांडी आपटत होती. पुढच्या चतुर्थीला मात्र खिचडीत कूट दुप्पट होतं, आणि तिनं ते मला सांगितलं नाही.

एकदाच मी त्यांना गप्प झालेलं पाहिलं. औशाकडं पाझर तलावाचं काम चालू होतं. ऊन मी म्हणत होतं. बाया डोक्यावर मातीच्या पाट्या घेऊन बांधावर चढत होत्या. दुपारच्या सुट्टीत साहेब बाभळीखाली बसले आणि सवयीप्रमाणं सुरू झाले. वजन कसं घटवावं, आधी प्रथिन, मग बाकीचं. बाया तोंडाला पदर लावून ऐकत होत्या. त्यातली एक वयस्कर बाई, हाडं मोजून घ्यावीत अशी, हसत म्हणाली, "साहेब, आमचं वजन बिना प्रथिनाचंच उतरून राह्यलं की. तुमाला पाहिजे तर आमची दवा घ्या. चार दिस पाट्या उचला."

सगळ्या हसल्या. साहेबही हसले, पण अर्धवट. मग त्यांनी खिशातले फुटाणे काढून तिच्या पदरात ओतले, सगळे, खिसा उलटा करून. जीपमध्ये बसल्यावर लातूर येईपर्यंत बोलले नाहीत. त्यानंतर कामावर जाताना जीपच्या मागच्या बाजूला फुटाण्याचं आणि शेंगदाण्याचं पोतं असायचं. डाळ मिलवाला एक ओळखीचा होता, त्याच्याकडून ते आणायचे. वाटायचे, पण कामावर पुन्हा कधी 'वजन' हा शब्द काढला नाही. प्रथिन मात्र काढायचे. "खा बाई, अंगात ताकद ऱ्हाते."

आता यातला गमतीचा भाग असा, की एवढं सगळं करून साहेबांचं वजन तसूभरही कमी होत नव्हतं.

बसस्टँडवर वजनाचं यंत्र होतं. नाणं टाकलं की दिवे फिरायचे आणि पुठ्ठ्याचं तिकीट बाहेर पडायचं. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. दर रविवारी बाजार झाला की साहेब मला घेऊन तिथं जायचे. चपला काढायचे, पेन माझ्याकडं द्यायचे, फुटाणे माझ्याकडं द्यायचे, श्वास रोखायचे. तिकीट पडायचं. वजन तेच. मागच्या बाजूला छापलेलं असायचं, 'आपले प्रयत्न लवकरच फळास येतील.'

"यंत्र खराब हाय," साहेब म्हणायचे.

कचेरीत संशय सुरू झाला. दुपारचा डबा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. वाटीभर उसळ, दही, पायरीवरचं अंडं, अर्धी भाकर. चहा बिनसाखरेचा. मग एवढा देह चालतो कशावर? अप्पांचं म्हणणं पडलं की साहेब संध्याकाळी गंजगोलाईच्या बाजारात जाऊन गुपचूप भजी खातात. मी म्हणालो, तसा माणूस नाही. अप्पा म्हणाले, वजन खोटं बोलत नाही.

आणि मग ती संध्याकाळ आली. दुपारी गल्लीत टँकर आला होता, साहेबांनी आमचंही पिंप भरून दिलं, म्हणून बायकोनं त्यांना जेवायलाच बसवलं. साहेब दिवस मावळायच्या आत जेवत. त्या दिवशी तुरीचं घट्ट वरण आणि मटकी होती. ते पोटभर जेवले, ढेकर दिली, म्हणाले, "वैनी, आज प्रथिनाचा सण झाला. आता उद्या सकाळपर्यंत पाण्याशिवाय काही न्हाई." आणि गेले. गेल्यावर दिसलं, त्यांचा चष्मा आमच्या फडताळात राहिला होता. मी तो घेऊन पाठोपाठ निघालो.

दार उघडंच होतं. आत दिवा लागला होता. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली मेणबत्ती. आणि जमिनीवर मांडी घालून, ताटासमोर, सोनकांबळे साहेब! ताटात भाकरी, पिठलं, भाताचा हा एवढा ढीग. समोर त्यांची आई. खारकेसारखं वाळलेलं शरीर, नऊवारी पातळ, हातात भाकरीची दुरडी.

मी उंबऱ्यावरूनच टाळी वाजवली. "सापडला चोर! अप्पा म्हणत होते ते खरं निघालं!"

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं आणि हात किंचित हलवला. गप्प राहा, असा. म्हातारी माझ्याकडं वळली.

"ये बाबा, तू बी बस. माझा लिंब्या सकाळपून उपाशी हाय. पाऊस न्हाई, पाणी न्हाई. लेकराचं तोंड बघ कसं सुकलंय."

त्या गोल, भरगच्च, घामेजल्या चेहऱ्याकडं मी पाहिलं. साहेबांनी मान खाली घालून घास घेतला. म्हातारीनं दुसरी भाकरी मोडून ताटात टाकली. "खा रं लेकरा. हाय घरात. माझी फिकीर करू नको." साहेबांनी तीही खाल्ली. सावकाश, चावून, पूर्ण. मी चष्मा हातात धरून बसून राहिलो. म्हातारी त्यांच्या तोंडाकडं बघत होती. घास आत गेला की तिचं तोंडही हलायचं.

नंतर आम्ही ओट्यावर येऊन बसलो. साहेबांना दम लागला होता.

"माय इसरून जाती," ते म्हणाले. "लई दिवस झाले. जेवू घालती, ताट उचलती, अन् घडीभरानं परत दुरडी घेऊन येती. सकाळपून उपाशी हाय म्हणती."

"मग सांगायचं ना, जेवलो म्हणून?"

"सांगितलं. रडती." त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. "मी लहान होतो तवा एका सालात घरात काहीच न्हव्हतं. एखादी भाकर व्हायची. मी म्हणायचो, माय, मी पाटलाच्या शेतावर जेवून आलो. म्हंजे ती भाकर ती खाईल. तिला कळलं होतं मी खोटं बोलून राह्यलो. तवा ती काही बोलली न्हाई. आता बाकी सगळं इसरली. माझ्या बायकोचं नाव इसरली, नातवंडं इसरली. तेवढं मात्र बरोबर ध्यानात हाय. जेवलो म्हणलं की तिला वाटतं, लिंब्या परत खोटं बोलतो."

मी विचारलं, "निदान भाकरीऐवजी डाळ, अंडं असं काही वाढायला ठेवता आलं नसतं का?"

"केलं की. एकदा सैपाकाच्या बाईला म्हणलं, आज भाकर टाकू नको, दुरडी रिकामी ऱ्हाऊ दे, डाळीचं पातेलं भरून ठेव. मायनं दुरडीत हात घातला." साहेबांनी स्वतःचा हात हवेत घालून दाखवला. बोटं काहीतरी शोधत होती. "भाकर लागली न्हाई. मंग अशी वरडली, की गल्ली गोळा झाली. तुम्ही तवा गावाकडं गेला होता. त्या दिवसापून दुरडी कधी रिकामी ठेवली न्हाई."

आतून हाक आली, "लिंब्या, जेवायचं न्हाई का रं?"

साहेब गुडघ्यावर हात ठेवून उठले. "म्हून दिवसभर असं काटकसरीत खातो. प्रथिन पोटात असलं की दिवसा भूक लागत न्हाई, संध्याकाळी तिच्यासाठी जागा ऱ्हाते. वजन घटत न्हाई ते दिसतं मला. पण वाढून बी न्हाई राह्यलं ना? डॉक्टरनं सांगितलं तसं हे प्रथिन लई कामाचं हाय बघा." आणि ते आत गेले.

मी अप्पांना भज्यांबद्दल एवढंच सांगितलं की मी स्वतः तपास केलाय, माणूस निर्दोष आहे.

म्हातारी त्याच उन्हाळ्यात गेली. झोपेतच. हदगावहून बायको-मुलं आली, गावाकडची माणसं आली, बुद्धवंदना झाली, मागाहून श्रद्धांजलीचं पुण्यानुमोदन झालं. माणसं आली तशी गेली. बायकोची शाळा सुरू व्हायची होती, तिनं बदलीचा अर्ज केला आणि परत गेली. साहेब कचेरीत येऊ लागले. तोच डबा, तीच उसळ, पायरीवरचं तेच अंडं.

आणि वजन उतरायला लागलं.

आधी गालांवरून उतरलं. मग शर्ट लोंबायला लागला. जीपचा ड्रायव्हर गिअर टाकताना आता काही बोलेनासा झाला. बसस्टँडवरच्या यंत्रानं दर रविवारी कमी आकडा दाखवायला सुरुवात केली. साहेब तिकीट न बघताच खिशात टाकायचे. कचेरीत तर उत्सवच झाला. अप्पांनी भर शाखेत जाहीर केलं, "सोनकांबळे, शेवटी तुमचं शास्त्र जिंकलं!" ट्रेझरीतले, पुरवठ्यातले, आजवर हसणारे सगळे लठ्ठ लोक आमच्या टेबलाभोवती जमायला लागले. साहेब, डाळ किती? साहेब, अंड्याचं पिवळं खायचं का? साहेब सगळ्यांना नीट सांगायचे. उपाशी राहू नका. आधी प्रथिन, मग बाकीचं. सांगणं तेच होतं, फक्त पॅशिंजरचा विनोद ते आता करत नसत. डॉक्टरांनी त्यांची पाठ थोपटली आणि म्हणाले, असे चार पेशंट मिळाले तर मी दवाखाना बंद करीन.

सगळे अभिनंदन करत होते आणि साहेब मान डोलवत होते. खरं कारण कुणाला सांगावं असं मला वाटलं नाही. ते सांगायचा हक्क माझा नव्हताच.

पँट मात्र कमरेवर थांबेना. एकदा साहेब फाईल घेऊन उठले आणि पट्ट्याचं टोक अप्पांच्या शाईच्या दौतीत गेलं. तेव्हा मीच त्यांना ओढून गंजगोलाईत रहीममास्तरच्या दुकानात नेलं. मास्तरनं टेप गुंडाळला, मागची सगळी पँट मुठीत धरली आणि तोंडात टाचण्या ठेवून विचारलं, "बीमार होते का साहेब?"

"न्हाई, न्हाई. तब्येत ठीक हाय."

"मग हे एवढं कापड कापून टाकतो. फिटिंग एकदम बढिया येईल. जवान दिसाल."

साहेबांनी त्याच्या मुठीतली पँट हलकेच सोडवून घेतली. कापडावरून अंगठा फिरवला.

"कापू नको, मास्तर. आत मुडपून शिव."

"क्यूं? फिर से मोटे होने का इरादा है क्या?"

"इरादा न्हाई," साहेब म्हणाले. "पण मला कुणी वाढलं तर न्हाई म्हणता येत न्हाई. थोडी जागा असू दे."

मास्तरनं एकदा माझ्याकडं पाहिलं. मग कात्री बाजूला ठेवली आणि सुईत दोरा ओवायला घेतला.